गाव न विचारता

सावद्याच्या केळी संघात, वजनकाट्यामागच्या खोलीत
सर्व्हर आहे, कूलरसमोर, लाकडी खोक्यावर.
रात्री अकरापासून गावोगावचे काटे त्याचं दार वाजवतात,
चिनावल, निंभोरा, वाघोदा, खिरोदा.
दार वाजलं की तो लगेच नाव विचारत नाही.
आधी आलेल्याचा पत्ता घेतो
आणि जळगावला विचारून पाठवतो :
हा कोन्या गावचा?

जळगावचा नावं सांगणारा उन्हाने बसलेला.
कधी उत्तर येतं, कधी नाही.
तीस सेकंद.
पुन्हा विचारतो.
तीस सेकंद.
तोवर खिरोद्याला काट्यावर ट्रक, ओल्या पानांखाली घड,
आणि वत्सला बऱ्हाटे पडद्यावरच्या टिमटिमत्या रेघेकडे बघत
फोनवर म्हणतात, झोपला का रे तुझा?

झोपलेला नव्हता. चौकशी करत होता.

मला हा थांबा ओळखीचा.
नोकरीच्या पहिल्या दिवशी मोठ्या टेबलामागून
कोन्या गावचा? सांगितलं.
कोनाचा पोऱ्या? सांगितलं.
मग आडनावानंतर जी शांतता पडली
तिला मी घड्याळ लावलं नव्हतं,
पण तीस सेकंद असतील.

रविवारी कुलूप उघडून बसलो.
मूळ प्रोग्रॅम कुणी लिहिला ठाऊक नाही,
वर एक आद्याक्षर, एक तारीख, माझ्या जन्माआधीची.
त्याला सांगायचं ते एका अक्षरात :
आधी वजाचं चिन्ह, मग अक्षर.
बरीच अक्षरं वाटली गेलेली,
एच मदतीला, पी पोर्टाला, डी चुका हुडकणाऱ्यांना.
एन मोकळं होतं, लग्नातल्या मागच्या खुर्चीसारखं.
घेतलं. नको मधला न.

पहिल्या खेपेला अक्षरापुढे दोन टिंबं राहून गेली,
विसर्गासारखी.
शाळेत विसर्ग म्हणजे श्वास सोडायचा,
इथे म्हणजे तोंड उघडायचं :
पुढचा शब्द त्यानं गिळला,
त्यात पोर्ट गेला, दारच सापडेना कुणाला.
टिंबं पुसली.
दुसऱ्या खेपेला ब्रेक विसरलो,
गाव विचारू नको म्हटलं तर
खालच्या ओळीवर घसरून नोंदवहीच मिटून बसला.
तिसऱ्यांदा चालला.

ओळी सगळ्या मिळून अकरा.
बारावी माहितीपुस्तिकेत, तिलाच दुपार गेली :
हे अक्षर दिल्यास येणाऱ्याचं गाव विचारलं जात नाही.
का, ते लिहिलं नाही. तशी पद्धत नसते.

भंगाळे म्हणाले, प्रश्नच काढून टाक ना कायमचा.
नाही काढला.
जुन्याला जुनं वागू द्यायचं, हा या कामाचा नियम;
ज्याला नको त्यानं अक्षर लिहावं.
नियम बरोबर आहे. मला आवडत नाही.

सोमवारी रात्री अक्षर घालून सर्व्हर उठवला.
खिरोद्यानं दार वाजवलं,
लगेच : नाव?
वत्सलाबाईंचा चहा हातातच राहिला.

सकाळी नोंदवही उघडली.
चिनावल, वाघोदा असायचं तिथे नुसते आकडे,
ठिपक्यांनी तोडलेले.
कुठला आकडा कुठला काटा, बोटाने जुळवत बसलो
आणि निंभोरा सापडला तेव्हा
नको तेवढं बरं वाटलं.

बाहेर फाटकावर मेहरबान तडवी,
रजिस्टर, सुतळीला बांधलेलं पेन.
नवा ड्रायव्हर उतरतो, परप्रांतातला असावा.
कोन्या गावचा रे भो?
तो सांगतो. चाचांना कळत नाही.
पुन्हा विचारतात, अक्षरं सुटी करून लिहितात,
मग माठाकडे बोट करतात, पाणी पी, लांबून आला तू.
मागचा ट्रक हॉर्न देतो.
रांग थेट रेल्वे फाटकापर्यंत.